अंतर तेच, वेळ वेगळी : 'इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को' हा चौकोन कसा वाचावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की प्रवासाच्या पुरवण्यांत, जाहिरातींत आणि प्रत्येकाच्या फोनवर एक चौकोन हमखास दिसतो : 'इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को, अंतर १३,०४२ किमी, उड्डाणाची वेळ १४ तास ३० मिनिटे.' यातले अंतर बरोबर आहे. वेळ मात्र निव्वळ भागाकार आहे. १३,०४२ ला ताशी ९०० ने भागले की साडेचौदा येतात, एवढाच त्या आकड्याचा जन्म. मुलांकडे निघालेले आई-वडील हा आकडा धरून गोळ्यांच्या वेळा, डब्यातल्या पुऱ्या आणि घ्यायला येणाऱ्या मुलाची रजा ठरवतात, म्हणून त्यामागचा हिशेब मांडावासा वाटतो.

आधी अंतराचे. ते कोणालाही घरी काढता येते. त्यासाठी दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि साइन-कॉस असलेला कॅल्क्युलेटर पुरतो. आपला देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ २२.७२ उत्तर, ७५.८० पूर्व, सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. पश्चिम रेखांश उणे धरायचे, म्हणजे दोन रेखांशांतला फरक १९८.१८ अंश येतो. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करा : ०.३८६२ गुणिले ०.६१०४, म्हणजे ०.२३५८. मग दोन्हींच्या कॉसचा गुणाकार, ०.७३०६, त्याला रेखांशफरकाच्या कॉसने, म्हणजे उणे ०.९५०१ ने गुणा. उत्तर उणे ०.६९४१. दोन्हींची बेरीज उणे ०.४५८३. याचा उलटा कॉस घेतला की ११७.२८ अंश मिळतात. पृथ्वीच्या पृष्ठावर एक अंश म्हणजे १११.२ किमी, म्हणून १३,०४२. वैमानिक हाच कोन ६० ने गुणून सागरी मैल काढतात, कारण एक सागरी मैल (१,८५२ मीटर) ही अक्षांशाच्या एका मिनिटाचीच लांबी आहे.

चुका होतात त्या ठरलेल्या. पहिली, पश्चिमेचे उणे चिन्ह विसरणे. मग सॅन फ्रान्सिस्को ४,७१९ किमीवर येते, म्हणजे चीनच्या शांदोंग द्वीपकल्पाच्या टोकाशी समुद्रात. दुसरी, २२ अंश ४३ मिनिटे हे २२.४३ असे लिहिणे. मिनिटांना ६० ने भागावे लागते. नाही भागले तर इंदूर जवळजवळ ३२ किमी दक्षिणेला सरकते. तिसरी, कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असणे. त्याने येणारे उत्तर कशालाच जुळत नाही, त्यामुळे निदान लगेच लक्षात तरी येते. पृथ्वी नेमका गोल नसल्याची चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते, ती सोडून द्यावी. 'विमान अकरा किलोमीटर उंचावरून जाते, मग अंतर वाढत असेल' ही शंका नेहमी निघते. वाढते, पण १३,०४२ किमीत फक्त बावीस-तेवीस किलोमीटर.

ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी मुलांचा पृथ्वीगोल घ्यावा. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर एक सेंमी म्हणजे सुमारे ४२५ किमी. दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर, म्हणजे बृहत्‌वृत्तावर बसतो. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा पावणेएकतीस सेंमी भरेल आणि तो ना युरोपवरून जाईल ना जपानवरून, थेट उत्तरेकडे चढेल. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही वाट कधीच दिसत नाही.

इथे इंदूरकरांसाठी एक गंमत. जुन्या भारतीय ज्योतिषाची शून्य रेखा उज्जैनवरून जाते आणि आपण जवळपास त्याच रेखेवर बसलो आहोत. ती रेखा उत्तर ध्रुव ओलांडून पलीकडे उतरली की अमेरिकेत डेन्व्हरच्या विमानतळाजवळून जाते. म्हणजे बिजासन टेकरीवर उभे राहून ध्रुवताऱ्याकडे तोंड केले की आपण डेन्व्हरच्या सर्वांत जवळच्या वाटेकडे पाहत असतो. अंतर १३,०५६ किमी, सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा अवघे चौदा जास्त. चौकोनवाल्यांच्या हिशेबाने दोन्ही शहरांना वेळही सारखाच लागला पाहिजे.

पण त्या दोऱ्यावरून विमान जात नाही. का जात नाही, हे कळले की वेळेचे कोडे बरेच सुटते.

पहिली गोष्ट, इंदूरची धावपट्टी सुमारे पावणेतीन किलोमीटर आहे आणि ती समुद्रसपाटीपासून ५६४ मीटर उंचीवर आहे. अमेरिकेपर्यंतचे इंधन भरलेले बोईंग ७७७-३००ईआर आपल्या कमाल वजनाला, म्हणजे सुमारे ३५१ टनांना टेकते. त्याला समुद्रसपाटीवर, थंड हवेतही तीन किलोमीटरच्या वर धावपट्टी लागते. मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत हवा विरळ होते, पंखांना उचल आणि इंजिनांना जोर दोन्ही कमी मिळतात. तेव्हा आधी दिल्ली किंवा मुंबई, हे ठरलेलेच. इंदूर–दिल्ली ६६३ किमी, इंदूर–मुंबई ५०६.

दुसरी, दिल्लीपासून तरी सरळ जाता येईल का? दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को बृहत्‌वृत्ताने सुमारे १२,३८० किमी. ही वाट दिल्ली सोडताच ईशान्येला जरा कलून हिमालय आणि पश्चिम तिबेट ओलांडते आणि पुढे ७५ अंश उत्तरेच्याही वर चढते. तिबेटच्या पठारावर केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला तातडीने दहा हजार फुटांपर्यंत उतरावे लागते आणि तिथे जमीनच त्याहून उंच आहे. डोक्यावरून लोंबणाऱ्या प्रवासी मुखवट्यांतला प्राणवायू साधारण पंधरा मिनिटांचा असतो. वर ध्रुवाजवळ दुसऱ्या अडचणी. विमानाच्या इंधनाचे दोन प्रकार : जेट ए उणे ४० अंशांना गोठू लागते, जेट ए-१ उणे ४७ ला. टाकीतले तापमान त्या मर्यादेपासून तीन अंशांवर आले की वैमानिकाला खाली उतरावे लागते किंवा वेग वाढवावा लागतो. साधारण ८२ अंशांच्या वर विषुववृत्तावरचे संचार उपग्रह क्षितिजाखाली जातात आणि जुन्या एचएफ (लघुलहरी) रेडिओवर भिस्त ठेवावी लागते. हे सगळे सांभाळून ध्रुवावरून जाता येत नाही असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू उड्डाण ध्रुवमार्गे आणलेच. पण ते त्या दिवसाचे वारे, तापमान आणि वाटेतले पर्यायी विमानतळ पाहून ठरते, चौकोन पाहून नाही.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट वारा. विमानाचा वेग हवेच्या तुलनेत असतो. ३५,००० फुटांवर मॅक ०.८५ (आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट) म्हणजे ताशी सुमारे ९०० किमी. पण ती हवाच ताशी दीडशे किलोमीटरने पूर्वेकडे सरकत असेल तर जमिनीवरचा वेग एका दिशेला १,०५० होतो आणि उलट दिशेला ७५०. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिक सोडून प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किमी, प्रशांतची सुमारे १५,३०० किमी. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी वेळ साडेसोळा तासांवरून साडेचौदावर आली. वाट लांबली आणि प्रवास आखूडला, कारण वारा पाठीशी आला. परतताना तेच विमान अटलांटिकवरून पूर्वेकडेच येत राहिले, म्हणजे जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा. हे एक उदाहरण समजले तरी 'अंतर भागिले वेग' हा हिशेब कोणी गंभीरपणे मांडणार नाही.

इथे एक गैरसमज पुसायला हवा. 'पृथ्वी खालून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोचले पाहिजे' असे शिकलेली माणसेही म्हणतात. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, विमान त्या हवेत असते. फरक पडतो तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहांमुळे (उंचावरच्या वेगवान वाऱ्यांमुळे), आणि तो बरोबर उलटा : पूर्वेकडचा प्रवास लवकर संपतो. आणि जाताना गमावलेले येताना भरून निघते, हेही खरे नाही. ७,११४ किमीची वाट (इंदूर ते लंडन हीथ्रो एवढीच आहे) ताशी ९०० ने, वारा नसताना, दोन्ही बाजू मिळून पंधरा तास अठ्ठेचाळीस मिनिटे. शंभराचा वारा घातला तर जाताना आठ तास चोपन्न मिनिटे, येताना सात तास सात मिनिटे, बेरीज सोळा तास एक मिनिट. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून तोटा नेहमी नफ्याहून मोठाच. हिवाळ्यात हे वारे जोरात असतात, तेव्हा जाण्या-येण्यातली तफावतही वाढते.

चौथी गोष्ट देशांची. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद आहे. याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ते बंद होते. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारे भारतीय कंपनीचे विमान मग अरबी समुद्रावरून वळसा घेते. युरोप-अमेरिकेच्या प्रवासात सुमारे दीड तासाची भर पडते, आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावे लागले. लंडनच्या ब्रिटिश कंपनीला ही बंदी नाही. उलट २०२२ पासून रशियाचे आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद, पण भारतीय कंपन्यांना खुले. म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये, त्याच दिवशी, त्याच जातीच्या विमानाने दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या असू शकतात, आणि दोन्ही बरोबर.

लंडनला जाणाऱ्यांनी हे विशेष पाहावे. इंदूर–दिल्ली–लंडन मिळून ७,३९४ किमी होतात, इंदूर–मुंबई–लंडन ७,७१८. कागदावर दिल्ली सव्वातीनशे किलोमीटरने जवळची. पण भारतीय कंपनीने जायचे असेल तर दिल्लीचा वळसा हा फायदा खाऊन टाकतो. मुंबई मुळातच दक्षिणेला असल्याने तिला वळसा कमी पडतो. तेव्हा किलोमीटर पाहू नयेत, तिकिटावरची वेळ पाहावी.

वळशात फक्त वेळ जात नाही. जादा इंधन वाहण्यासाठीच इंधन जळते. लांब पल्ल्यावर जादा भरलेल्या इंधनापैकी दर तासाला तीन-चार टक्के ते वाहून नेण्यातच जाते. सोळा तासांच्या प्रवासात शेवटच्या टप्प्यासाठी दहा टन जास्त ठेवायचे तर त्यासाठी आणखी पुष्कळ टन दिल्लीलाच भरावे लागतात. ते वजन मग माल किंवा प्रवासी कमी करून साधतात. 'जागा रिकाम्या दिसत होत्या, तरी तिकीट मिळाले नाही' या तक्रारीमागे कधी कधी हे असते.

आता तिकिटावर छापलेली वेळ म्हणजे नेमके काय, ते सांगतो. ती हवेतली वेळ नसते. चाकांसमोरचे ठोकळे काढल्यापासून पलीकडे पुन्हा ठोकळे लागेपर्यंतची ती वेळ असते. धंद्यात तिला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतचे रांगणे, रांगेत थांबणे, चढण, उतरण आणि पलीकडच्या घिरट्या सगळे येते. इंदूर–मुंबईचे ५०६ किमी एअरबस ३२० च्या ताशी ८३० च्या वेगाने सदतीस मिनिटांत संपतात. तिकिटावर सव्वा तास किंवा त्याहून जास्त असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून व्यवहारात एका वेळी एकीवरच काम चालते आणि विमाने वर घिरट्या घालतात. शिवाय ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलेले विमान 'वेळेवर' गणले जाते, म्हणून कंपन्या वेळापत्रकात थोडी भर घालूनच ठेवतात. वीस मिनिटे आधी पोचल्याची घोषणा ऐकून टाळ्या वाजवण्यापूर्वी हे आठवावे. इंदूरहून जवळच्या शहरांना जाणारे एटीआर-७२ पंख्याचे असते, ताशी पाचशेच्या आसपास जाते. तिथे भागाकार वेगळाच. ढोबळ हिशेब करायचाच असेल तर जेटसाठी अंतर भागिले ८३०, अधिक अर्धा ते पाऊण तास. मोठ्या विमानाने लांब जायचे तर ९०० ने भागून वारा आणि वळसा यांसाठी दोन तास हाताशी ठेवावेत.

घड्याळाचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो. सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. त्यांची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते, त्यामुळे वर्षातले काही आठवडे लंडन आणि अमेरिका यांच्यातला फरकही बदललेला असतो. समजा, दिल्लीहून पहाटे चारला विमान सुटले आणि तिथल्या सकाळी साडेसातला, त्याच तारखेला उतरले. अनेक जण साडेतीन तासांचा प्रवास म्हणून हसतात. साडेतीनमध्ये साडेबारा मिळवा, सोळा तास. परतताना मंगळवारी सकाळी अकराला निघाले तर तेव्हा आपल्याकडे मंगळवारचे रात्रीचे साडेअकरा. सोळा तासांनी बुधवारी दुपारी साडेतीनला दिल्ली. यात एक दिवस हरवत नाही. प्रशांतावरून गेलात म्हणून आंतरराष्ट्रीय वाररेषेचा वेगळा दिवस धरायचा नाही, तो या साडेबारा तासांत आलेलाच असतो. औषधे ठरावीक तासांनी घेणाऱ्यांनी एक मनगटी घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवावे आणि किती तासांनी कोणती गोळी, हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावे.

दारापासून दारापर्यंतचा हिशेब पाहा. वरचेच विमान पकडायचे तर इंदूर विमानतळावर संध्याकाळी सात, उड्डाण नऊला, दिल्ली साडेदहा, पुढचे विमान पहाटे चार, सोळा तास विमानात, मग इमिग्रेशन आणि सामान यांचा दीड तास. बाहेर पाऊल पडते तेव्हा इंदुरात दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. साडेसव्वीस तास. चौकोनात साडेचौदा.

दिल्लीतला मुक्काम कमी करून ही वेळ वाचवण्याचा मोह होतो. दोन्ही तिकिटे एकाच पीएनआरवर असतील आणि सामान इंदुरातच सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत टॅग झाले असेल तर तीन-चार तास पुरतात. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर सामान दिल्लीत पट्ट्यावरून उचलायचे, टर्मिनल बदलायचे, पुन्हा चेक-इन करायचे. टर्मिनल १ ला उतरलात तर आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे टर्मिनल ३ काही किलोमीटर लांब आहे, रस्त्याने जावे लागते. तेव्हा सहा तासांच्या खाली जाऊ नये. पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी जबाबदार नसते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याचा काळ. तेव्हा सकाळी पोचणारे जोडविमान न घेता आदल्या दिवशी दुपारी दिल्लीत पोचलेले बरे. अमेरिकेतच पुढे दुसरे विमान असेल तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर सामान स्वतः उचलून कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्यावे लागते, टॅगवर शेवटचे गाव लिहिलेले असले तरी. त्यासाठी तीन तास धरावेत.

शेवटी नावांचे. अंतर मोजणाऱ्या यंत्रात गावाचे नाव टाकू नका, तीन अक्षरी कोड टाका. इंदूर आयडीआर, सॅन फ्रान्सिस्को एसएफओ. आपल्याकडच्या पुष्कळ मुलांचे गाव सॅन होजे. त्याचा कोड एसजेसी. एसजेओ टाकलेत तर मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाच्या राजधानीचे अंतर आणि भाडे समोर येईल. आणि मुंबईमार्गे जाणाऱ्यांनी आता बीओएम आणि एनएमआय नीट वाचावे. इंदूरचे विमान नवी मुंबईला उतरत असेल आणि पुढचे अंधेरीजवळच्या टर्मिनल २ वरून सुटत असेल, तर मध्ये मुंबईची वाहतूक आहे, आणि तिच्यासाठी अंतर भागिले वेग हे सूत्र आकाशातल्यापेक्षाही कमी उपयोगाचे.

आपला,
एक वाचक (निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर)
रामबाग, इंदूर